खाडीतला किल्ला: माइनक्राफ्टच्या कमांड शिकताना ठेवलेल्या नोंदी

कोणी असंच काही करायला बसणार असेल तर त्याचे दोन-चार दिवस वाचावेत म्हणून या नोंदी. माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळे (ब्लॉक) रचून जग बांधायचा गेम, आणि कमांड म्हणजे त्याला टाइप करून दिलेले हुकूम. गेमची आवृत्ती जावा, १.२१.४. बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत बऱ्याच गोष्टी वेगळ्या चालतात, त्यामुळे तिकडे हे जसंच्या तसं वापरू नका. कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. गेममध्ये त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून टाइप करायच्या.

४ जानेवारी

भाच्याचं दोन वर्षं जुनं जग आहे. त्याला खाडी उपसून तिच्या तळाशी किल्ला बांधायचाय, आत कोडी ठेवायचीत आणि सुट्टीत मावसभावंडं आली की त्यांना तिथे सोडायचंय. माझी नेमणूक साध्या तर्कावर झाली: "मामा, तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना? मग तुला येईल."

जग तयार करताना कमांडची परवानगी दिलेली नव्हती. पळवाट अशी की खेळ थांबवून तो लॅनवर, म्हणजे घरातल्या नेटवर्कवर, उघडायचा आणि तिथे परवानगी चालू करायची. ती जग बंद करेपर्यंतच टिकते. तिरकी रेघ दाबली की चॅट उघडतो आणि टॅब दाबला की गेम पुढचे शब्द सुचवतो. मला टॅब दुसऱ्या दिवशी कळला. पहिल्याच दिवशी कळला असता तर पुढचा प्रकार झाला नसता, कारण टॅबने कंसातले पर्याय दाखवले असते.

प्रकार असा. भाच्याने अंडी फेकून फेकून कोंबड्यांचा सुळसुळाट करून ठेवला होता आणि गेम अडखळत होता. कुठेतरी वाचलं होतं की @ई म्हणजे सगळे प्राणी. म्हणून टाइप केलं: /किल @ई

@ई म्हणजे प्राणी नव्हेत, एंटिटी. ब्लॉक सोडून जे जे काही आहे ते. कोंबड्या, गावकरी, गायी, रुळावरच्या गाड्या, भिंतीवरची चित्रं, जमिनीवर पडलेल्या वस्तू, चिलखत चढवलेले पुतळे त्यांच्यावरच्या चिलखतांसकट, आणि मी स्वतः. चॅटमध्ये आकडा आला: ६११ एंटिटी मारल्या. त्याला लागून आणखी एक ओळ आली, नाव दिलेला पाळीव कुत्रा मेल्याची. भाचा माझ्या खांद्यावरून बघत होता. तो काही बोलला नाही, उठून दुसऱ्या खोलीत गेला.

लांबच्या तबेल्यातले घोडे वाचले. तो भाग त्या वेळी मेमरीत चढलेला नव्हता आणि @ई फक्त चढलेल्या भागात शोधतं, एवढंच त्याचं कारण. बॅकअप नव्हता. गेममध्ये 'मागे घ्या' असं बटणही नाही.

वापरायला हवी होती ती कमांड: /किल @ई[टाइप=चिकन,डिस्टन्स=..४०]

५ जानेवारी

/समन वुल्फ करून लांडगा आणला, हाडं देऊन माणसाळवला, तेच नाव दिलं. भाचा बघून म्हणाला, "हा तो नाहीये." खरं होतं, मी वाद घातला नाही.

त्या जुन्या जगाला आता हात लावायचा नाही असं ठरलं. /सीड टाकून जगाचा बीजक्रमांक, म्हणजे ज्यावरून गेम जग घडवतो तो आकडा, घेतला, त्याच क्रमांकाचं नवं जग परवानगी चालू ठेवून तयार केलं. डोंगर, खाडी, नद्या सगळं जिथल्या तिथे, फक्त बांधलेलं काही नाही. जगांच्या यादीत 'एडिट'मध्ये बॅकअपचं बटण आहे, त्याने झिप फाइल बनते. आजपासून रोज बसण्याआधी एक झिप.

७ जानेवारी

खाडी उपसणे, भाग पहिला. एफ३ दाबलं की जागेचे आकडे दिसतात: एक्स पूर्वेकडे वाढतो, झेड दक्षिणेकडे, वाय म्हणजे उंची. मी उपसायचा चौकोन ठरवला: एक्स २१२ ते २८२, झेड -१४० ते -८८, वाय ४८ ते ६२. समुद्राच्या पाण्याचा सगळ्यात वरचा थर ६२ वर असतो.

/फिल ही दिलेला भाग एका ब्लॉकने भरणारी कमांड, 'एअर' म्हणजे हवा भरली की तो रिकामा होतो. ती एकावेळी ३२,७६८ ब्लॉकपर्यंतच चालते, म्हणजे ३२ गुणिले ३२ गुणिले ३२. मी कागदावर हिशोब केला: ७० गुणिले ५२ गुणिले १४, म्हणजे ५०,९६०. एका थराचे ३,६४०, नऊ थरांचे ३२,७६०. आठ ब्लॉक शिल्लक ठेवून नऊ थर बसतायत म्हणून भलताच खूश झालो.

गेम म्हणाला, फार ब्लॉक आहेत. त्याने सांगितलेला आकडा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. अर्धा तास मी गेमलाच चूक ठरवत बसलो. हाताला बोटं पाच, फटी चार. मी वजाबाकी करून फटी मोजत होतो आणि गेम बोटं मोजत होता. २१२ ते २८२ मध्ये दोन्ही टोकं धरून ७१ ब्लॉक होतात. खरा थर ७१ गुणिले ५३ म्हणजे ३,७६३ ब्लॉकचा, आणि थर पंधरा. एका वेळी आठच बसतात, ३०,१०४. म्हणजे दोन कमांड: आधी आठ थर, मग सात.

ही मर्यादा एका गेमरूलने, म्हणजे गेमचा नियम बदलणाऱ्या कमांडने, वाढवता येते. वाढवावी का, यावर उद्याची नोंद वाचा.

८ जानेवारी

घाईत दुसऱ्या झेडचं उणे चिन्ह राहिलं. -१४० ते ८८. गेमने नकार दिला: १,३०,०७२ ब्लॉक होतायत. मर्यादा वाढवून ठेवली असती तर खाडी, किनारा आणि त्यापलीकडचं अर्धं जंगल त्या पट्ट्यात येऊन हवा झालं असतं. मर्यादा आहे तिथेच राहू दे.

दुरुस्त कमांड: /फिल २१२ ५५ -१४० २८२ ६२ -८८ एअर रिप्लेस वॉटर. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. ते नसतील तर वाळू, दगड, सगळंच जातं. त्यांच्यामुळे फक्त पाणी जातं.

पाणी गेलं आणि दोन सेकंदांत चहूबाजूंनी आत कोसळलं. अर्थातच. बांध घातल्याशिवाय खाडी उपसायला निघालो होतो. मग चारही बाजूंना दगडी विटांच्या भिंती, चार वेगळ्या /फिल कमांडनी, चौकोनाच्या एक ब्लॉक बाहेर. परत उपसा. परत पाणी. या वेळी फक्त दक्षिणेच्या बाजूने.

कारण सापडायला पाऊण तास गेला. दक्षिणेची भिंत -८७ वर हवी होती, ती -८६ वर उभी राहिली होती. तिथे उभा राहून मी एफ३ वर आकडा वाचला होता: -८६.४. दशांश उडवून -८६ लिहिला. पण उण्या बाजूला -८६.४ हा बिंदू -८७ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये असतो, कारण गेम नेहमी खालच्या पूर्ण आकड्याकडे जातो. एफ३ वर ब्लॉकची वेगळी ओळ असते, तिच्यात पूर्ण आकडे असतात. तीच वाचायची. दशांशांची ओळ विसरून जा.

९ जानेवारी

खाडी कोरडी, पण तळावर पाण्याचे उभे खांब! त्यांत हिरवे पट्टे हलतायत. दिसायला झकास, पण समजेना काही.

ते समुद्री शेवाळ आणि समुद्रगवत. त्यांचा ब्लॉक स्वतःच पाण्याने भरलेला असतो, पण नाव 'वॉटर' नसल्यामुळे माझ्या कमांडने त्यांना सोडून दिलं. हाताने तोडलं की त्या जागी पाणी उरतं. नावं चार आहेत: केल्प म्हणजे शेंडा, केल्प_प्लांट म्हणजे खालचं खोड, सीग्रास, टॉल_सीग्रास. चारांसाठी चार वेळा रिप्लेस, त्यानंतर पुन्हा एकदा वॉटर, कारण खोड गेल्यावर शेंडे आपोआप तुटतात आणि पाणी सांडतात.

सरळ रिप्लेस न लिहिता सगळं एअर केलं असतं तर एका झटक्यात झालं असतं, पण खाडीचा नैसर्गिक तळ गेला असता. भाच्याला तळ तसाच हवा होता. त्यासाठी एक संध्याकाळ गेली, चालतंय.

१२ जानेवारी

ईशान्येचा बुरूज भाच्याने तीन दिवस हाताने बांधला. ९ बाय ९, उंची १६, माथ्यावर तांब्याच्या पायऱ्या उतरत्या लावून केलेलं छत. सुंदर झालाय, कमांडने असा होत नाही. बाकीचे तीन त्याच्या नकला करायचे.

/क्लोनला तीन जागा द्याव्या लागतात: मुळाचा एक कोपरा, समोरचा कोपरा आणि नक्कल ठेवायची जागा. ही तिसरी जागा म्हणजे नकलेचा सगळ्यात लहान आकड्यांचा कोपरा, वायव्येचा आणि खालचा. मी बुरुजाचा मध्य जिथे हवा तिथे उभा राहून तो आकडा दिला. बुरूज चार ब्लॉक पूर्वेला आणि चार दक्षिणेला सरकून तटबंदीत घुसला. आणि त्याच्याभोवतीच्या चौकोनातली हवासुद्धा नक्कल होऊन आली आणि तिने तटाचा तुकडा खाल्ला. शेवटी 'मास्क्ड' लिहिलं तर हवा वगळली जाते.

तट परत भरला, बुरूज योग्य जागी आला, आणि तेव्हा दिसलं की त्याचा दिंडी दरवाजा किल्ल्याबाहेर उघडतोय. क्लोन फिरवत नाही, फक्त उचलून ठेवतो.

१३ जानेवारी

फिरवण्यासाठी स्ट्रक्चर ब्लॉक. तो नेहमीच्या यादीत दिसत नाही, मी /गिव्हने घेतला. त्यात ४८ बाय ४८ बाय ४८ पर्यंतचा भाग नाव देऊन जपून ठेवता येतो. मग /प्लेस टेम्प्लेट, नाव, जागा आणि फिरवण्याचा पर्याय.

फिरवल्यावर बुरूज जागेवर राहत नाही, दिलेल्या कोपऱ्याभोवती झोपाळ्यासारखा फिरतो. ९ रुंदीचा बुरूज घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवला की तो कोपऱ्याच्या पश्चिमेला जातो, म्हणून एक्समध्ये ८ मिळवायचे. १८० अंशांना एक्स आणि झेड दोन्हींत ८. उलट दिशेने ९० ला फक्त झेडमध्ये ८. हे कागदावर चौकोन काढून, त्यावर खोडरबर ठेवून फिरवून शोधलं. वेळ: वीस मिनिटं. न शोधता अंदाजाने ठेवून बघण्यात त्याआधी दीड तास घालवला होता.

१७ जानेवारी

किल्ल्यात गव्हाचं शेत लावलं. भाच्याला पाहुणे यायच्या आत पीक उभं हवं होतं. पिकं वाढतात ती रँडम टिकवर. टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा ठोका. गेम सेकंदाला २० टिक चालतो, आणि दर टिकला जगाच्या प्रत्येक १६ बाय १६ बाय १६ तुकड्यातले काही ब्लॉक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. नेहमीचा आकडा ३. मी ३००० केला. गहू डोळ्यांदेखत पिवळा झाला. तेवढ्यात फोन आला.

परत आलो तर बांधापलीकडची शेवाळं पृष्ठभागापर्यंत चढलेली, ऊस तीन-तीन ब्लॉक झालेला, आणि चारही बुरुजांची तांब्याची छतं हिरवीगार. तांबं गंजतं तेही रँडम टिकवरच.

/गेमरूल रँडमटिकस्पीड ३. हे तेव्हाच टाकायचं होतं. आता अशी कमांड टाकण्याआधी तिची उलटी कमांड चॅटमध्ये टाकून घेतो. नंतर वरचा बाण दाबला की ती तयार सापडते.

१८ जानेवारी

छत साफ करण्याचे प्रयत्न, क्रमाने.

पहिला: /फिलने गंजलेल्या पायऱ्यांच्या जागी ताज्या पायऱ्या, रिप्लेस लावून. पायऱ्या ताज्या आल्या, पण झाडून सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. फिलला फक्त ब्लॉकचं नाव कळतं, दिशा त्याने जपली नाही. उतरतं छत कंगव्यासारखं दिसू लागलं.

दुसरा: सकाळची झिप उघडून, दुसऱ्या बुरुजावर कुऱ्हाडीने खरवडणे. गंजाचे तीन टप्पे असतात, एका वेळी एक उतरतो. एका बुरुजावर ५६ पायऱ्या, म्हणजे १६८ वेळा. चार बुरुजांचे ६७२. एक पूर्ण केला. बोट दुखायला लागलं.

मग भाचा म्हणाला, "मामा, तो बुरूज आपण सेव्ह केला होता ना परवा? तेव्हा तर तांबडा होता."

तिसरा: /प्लेस टेम्प्लेट, तीन वेळा. दहा सेकंद. मग मधाच्या पोळ्याचं मेण लावलं, मेण लावलेलं तांबं गंजत नाही. पहिल्यापासून मेणाच्याच पायऱ्या वापरल्या असत्या तर ही नोंदच नसती.

२० जानेवारी

कमांड ब्लॉक, म्हणजे आत लिहिलेली कमांड स्वतः चालवणारा ठोकळा. हाही मी /गिव्हनेच घेतला. तीन रंग: नारिंगी एकदाच चालतो, जांभळा दर टिकला चालतो, हिरवा साखळीत आपल्या मागच्या ब्लॉकनंतर चालतो. आत कमांड लिहिताना तिरकी रेघ नसली तरी चालते. चॅटमध्ये २५६ अक्षरंच मावतात, यात ३२,५०० पर्यंत जागा आहे.

पहिलं कोडं: चुकीची फरशी दाबली की थेट तळघरात. दाबाच्या फरशीखाली नारिंगी ब्लॉक, आत: टीपी (म्हणजे उचलून दुसरीकडे ठेव) @पी आणि तळघराचे आकडे. एकट्याने दहा वेळा तपासलं, दहाही वेळा बरोबर. मग भाचा दुसऱ्या लॅपटॉपवरून आत आला. त्याने फरशी दाबली आणि तळघरात मी गेलो. मी खालच्या भुयारात कमांड ब्लॉकला चिकटून उभा होतो.

@पी म्हणजे बटण दाबणारा नव्हे, कमांड ब्लॉकच्या सर्वांत जवळचा खेळाडू. गेमला कोणी दाबलं याचं काही देणंघेणं नाही. ब्लॉक फरशीच्या दोन खाली होता, म्हणून आता लिहिलंय: टीपी @ए[डिस्टन्स=..२.५] आणि आकडे, म्हणजे अडीच ब्लॉकच्या आतले सगळे खेळाडू. दोघं एकदम उभे असले तर दोघंही जातात, ते भाच्याला जास्तच आवडलं.

२२ जानेवारी

दुसरं कोडं, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळलेली ओळ. ७ बाय ७ ची पांढऱ्या काँक्रीटची जमीन. ज्या फरशीवर पाय पडेल ती सोन्याची व्हायची. सगळ्या ४९ सोन्याच्या झाल्या की दार उघडायचं.

चॅटमध्ये तपासलं: /एक्झिक्यूट अ‍ॅज @ए रन सेटब्लॉक ~ ~-१ ~ गोल्ड_ब्लॉक. ~ म्हणजे 'इथून', ~-१ म्हणजे 'इथून एक खाली'. माझ्या पायाखाली सोनं आलं. वा! तीच ओळ जांभळ्या ब्लॉकमध्ये घातली, जमिनीवर चाललो. काही नाही. पांढरीच.

शब्द तपासले. ब्लॉक 'नेहमी चालू' आहे का पाहिलं. आहे. आतल्या शेवटच्या निकालाच्या ओळीत लिहिलंय, ब्लॉक बदलला. कुठला बदलला? रात्री साडेअकराला भुयारात उतरून पाहिलं तर कमांड ब्लॉकच्या खालचा एक दगड सोन्याचा झालेला.

'अ‍ॅज' माणूस बदलतो, जागा बदलत नाही. अ‍ॅज @ए म्हटलं की कमांड प्रत्येक खेळाडूच्या नावाने चालते, पण ~ अजूनही ब्लॉकच्या जागेवरूनच मोजला जातो. चॅटमध्ये चाललं कारण तिथे माणूसही मी आणि जागाही माझीच. जागा बदलायला वेगळा शब्द लागतो: एक्झिक्यूट अ‍ॅज @ए अ‍ॅट @एस रन सेटब्लॉक ~ ~-१ ~ गोल्ड_ब्लॉक. @एस म्हणजे ज्याच्या नावाने आत्ता चाललंय तो.

माझ्या आतापर्यंतच्या बहुतेक चुका 'कोण' आणि 'कुठे' या दोन प्रश्नांपैकी एकावर पडल्यात. कुत्रा मेला ते 'कोण' चुकलं म्हणून. भिंत, बुरूज, ही फरशी हे सगळं 'कुठे' चुकलं. आता कमांड लिहिताना ही दोन उत्तरं आधी पुटपुटतो. घरातल्यांना त्याची सवय झालीये.

आणखी एक: जुने व्हिडिओ बघून लिहाल तर एक्झिक्यूट चालणारच नाही. १.१३ मध्ये, म्हणजे २०१८ साली, त्याची रचना पार बदलली. /गिव्हमध्ये मंतरलेली तलवार वगैरे मागण्याची रीत १.२०.५ ला बदलली. व्हिडिओ बघण्याआधी त्याची तारीख बघा.

२३ जानेवारी

ओळ चालली. फारच चालली. जांभळा ब्लॉक सेकंदाला २० वेळा चालतो, त्यामुळे भाचा जिथे जाईल तिथे मागे सोन्याची वाट. तट, जिने, गव्हाचं शेत. रस्ता साफ करायला सकाळची झिप वापरली. अट घातली: अ‍ॅट @एस च्या पुढे इफ ब्लॉक ~ ~-१ ~ व्हाइट_काँक्रीट. पायाखाली पांढरं असेल तरच सोनं.

४९ झाल्या का हे कसं तपासायचं? मी एकेका फरशीसाठी अट लिहायला घेतली होती, सतराव्याला कंटाळलो. त्यापेक्षा सोपं: भुयारात ७ बाय ७ सोन्याची जमीन बांधून ठेवली आणि एक्झिक्यूट इफ ब्लॉक्सने वरची जमीन तिच्याशी ताडून बघायची. तंतोतंत जुळली तर दाराच्या सळ्या हवा. एका ओळीत काम.

चॅटमध्ये धबधबा सुरू झाला, दर टिकला निकाल. /गेमरूल कमांडब्लॉकआउटपुट फॉल्स.

२६ ते २८ जानेवारी

भुयारात आता चौदा कमांड ब्लॉक, कुठला कशाचा हे मलाच आठवेना. एक हिरवा उलट्या तोंडाचा बसवलेला, त्याचा बाण साखळीच्या विरुद्ध, म्हणून त्याच्या पुढचे कधी चाललेच नव्हते. सगळं फंक्शनमध्ये हलवायचं ठरवलं: साध्या मजकुराच्या फाइली, ओळीला एक कमांड, जगाच्या डेटापॅक फोल्डरात. बदल केला की गेममध्ये /रीलोड.

तीन दिवस गेले, आणि तिन्ही दिवस नावांवर.

पहिला दिवस: आतल्या फंक्शनच्या फोल्डरचं नाव अनेकवचनी ठेवलं, सगळ्या मार्गदर्शकांत तसंच होतं. १.२१ पासून ते एकवचनी आहे. गेम तक्रार करत नाही, त्याला ते फोल्डर दिसतच नाही.

दुसरा दिवस: फाइलच्या नावाची सुरुवात मोठ्या अक्षराने. चालत नाही. ते सुधारलं तरी फाइल दिसेना, कारण नोटपॅडने शेपटीला गुपचूप डॉट टीएक्सटी जोडलं होतं. विंडोजमध्ये फाइलची शेपटी दाखवण्याचा पर्याय आधी चालू करून ठेवा.

तिसरा दिवस: कमांड चॅटमधून उचलून चिकटवल्या, तिरक्या रेघेसकट. फंक्शनमध्ये तिरकी रेघ चालत नाही, आणि एका ओळीत चूक असली की अख्खी फाइल नाकारली जाते. नेमकी कुठली ओळ ते गेमच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. लॉग उघडायचं मला तिसऱ्या संध्याकाळी सुचलं. पॅकच्या माहिती-फाइलीत आवृत्तीचा आकडा द्यावा लागतो, १.२१.४ साठी तो ६१.

चौदांपैकी तीन ब्लॉक उरले. भुयारात आता चालता येतं.

१ फेब्रुवारी

मावसभावंडं आली. तिघं, तीन लॅपटॉप. लॅनवर उघडताना हाताला सवय झाल्याने परवानगी चालू केली. ती चालू केली की आत येणाऱ्या प्रत्येकाला कमांड वापरता येतात. पाच मिनिटांत मधल्याकडे हिऱ्यांची तलवार. धाकटीने कशी कोण जाणे रात्र केली. बंद करून परत उघडलं, या वेळी परवानगी बंद ठेवून. जगात मुळातच परवानगी असल्यामुळे माझ्या कमांड चालू राहिल्या, त्यांच्या गेल्या. सगळ्यांना /गेममोड अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे फरशा उखडता येत नाहीत.

राहिलेली चूक पहिल्याच मरणात सापडली. मेलेला खेळाडू किल्ल्यापासून कुठच्या कुठे, जगाच्या मूळ जागी उगवला आणि रडकुंडीला आला. /स्पॉनपॉइंट @ए आणि दिंडी दरवाज्याचे आकडे. सोन्याच्या जमिनीवर उड्या मारत गेलं की मधल्या फरशा पांढऱ्या राहतात, कारण उडी मारताना पायाखाली एक ब्लॉक हवा असते. हे त्यांनी मला सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. दार उघडायला बावीस मिनिटं लागली.

संध्याकाळी गेम पुन्हा अडखळायला लागला. धाकटीला गव्हाच्या शेताजवळ अंडी सापडली होती. कोंबड्याच कोंबड्या, आणि त्यातल्या एकीला तिने नाव दिलं होतं, राणी.

मी कीबोर्डकडे हात नेला तर भाच्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. त्याने स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर तपासत: /किल @ई[टाइप=चिकन,डिस्टन्स=..४०. कंस बंद करायच्या आधी थांबला.

"मामा, राणी सोडून कसं लिहायचं?"

स्वल्पविराम, नेम, बरोबरचं चिन्ह, उद्गारचिन्ह, राणी. त्याने लिहिलं, परत वाचलं, मला वाचायला लावलं आणि मग एंटर दाबलं. ४७ गेल्या. राणी गव्हात उभी होती.